घशाच्या अँटिजन पट्टीची अचूकता तपासायची आहे : ५० पॉझिटिव्ह आणि ५० निरोगी पुरतील का?

शंकासूर

घसादुखीचा जंतू ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस (पुढे जीएएस) ओळखणाऱ्या एका नव्या रॅपिड अँटिजन पट्टीची कल्चरशी (स्वॅबमधला जंतू ताटलीवर वाढवून ओळखणं) तुलना करायची आहे. सध्या हाताशी आहे ते असं : कल्चरमध्ये भरघोस वाढ आलेले ५० साठवलेले स्वॅब आणि घसा अजिबात न दुखणाऱ्या ५० जणांचे स्वॅब. प्राथमिक फेरीत पट्टीने ५० पैकी ४८ पॉझिटिव्ह पकडले आणि ५० पैकी ४९ निरोगी निगेटिव्ह दाखवले. म्हणजे सेन्सिटिव्हिटी ९६ टक्के, स्पेसिफिसिटी ९८ टक्के.

प्रश्न तीन.
१. एवढ्यावर अहवाल लिहिता येईल का? नसेल तर किती रुग्ण लागतील?
२. एकाच स्वॅबवर कल्चर आणि पट्टी दोन्ही करावं की दोन स्वॅब घ्यावेत?
३. पट्टी निगेटिव्ह आणि कल्चर पॉझिटिव्ह (किंवा उलट) आलेले नमुने पीसीआरला पाठवून खरं-खोटं ठरवायचा विचार आहे. चालेल ना?

दोन_बाय_दोन

पहिल्याचं उत्तर : नाही. आणि अडचण ५० या आकड्याची नाहीच, ती पुढची गोष्ट. अडचण ते ५० कोण आहेत याची आहे.

भरघोस वाढीचे स्वॅब म्हणजे ज्यांच्यात अँटिजन खच्चून भरलंय असे नमुने. पट्टी चुकते ती ताटलीवर दहापेक्षा कमी कॉलनी येतात तिथे, आणि तेच नमुने तुमच्या संचात नाहीत. दुसऱ्या टोकाला घसा न दुखणारे लोक. प्रत्यक्षात ही पट्टी त्यांच्यावर कोणी वापरणार नाही. वापरणार ती विषाणूमुळे घसा लाल झालेल्यांवर, ग्रुप सी आणि जी स्ट्रेप्टोकोकस असलेल्यांवर. दोन टोकं घेऊन मधला सगळा कठीण भाग वगळला की आकडे चांगलेच येतात. याला स्पेक्ट्रम बायस म्हणतात. १९९९ साली अशा अभ्यासांची छाननी झाली तेव्हा ठरलेले रोगी विरुद्ध ठरलेले निरोगी या रचनेत डायग्नॉस्टिक ऑड्स रेशो (चाचणी रोगी-निरोगी किती वेगळे करते याचा एकच आकडा) सरासरी तिप्पट फुगलेला आढळला होता.

या पट्टीच्या बाबतीत हे आणखी टोकाचं आहे. ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, या चार सेंटॉर निकषांपैकी जितके जास्त जुळतात तितकी त्या गटात पट्टीची सेन्सिटिव्हिटी जास्त दिसते. पट्टी तीच, किटचा लॉट तोच, फक्त दारातून कोण आत आलं ते बदललं. म्हणून ‘या पट्टीची सेन्सिटिव्हिटी अमुक’ असं नुसतं लिहू नका, ‘कोणत्या रुग्णांत’ हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

करायचं ते असं : घसा दुखतो म्हणून येणारा प्रत्येक पात्र रुग्ण ओळीने घ्या. पट्टी लावण्याआधी निकष लिहून ठेवा. पात्र असून घेतला गेला नाही त्याचीही नोंद कारणासकट ठेवा. ‘हा नक्की स्ट्रेप वाटतोय, याला घेऊया’ हा मोह झाला की अभ्यास गेला.

आता आकडा. ४८/५० ला विल्सन पद्धतीने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) ८६.५ ते ९८.९ येतो, ४९/५० ला ८९.५ ते ९९.६. म्हणजे बायस बाजूला ठेवला तरी सेन्सिटिव्हिटी ८७ आहे की ९८ हे तुम्हाला सांगता येत नाही.

सेन्सिटिव्हिटी ८५ टक्के येईल असं धरा (चांगल्या पट्ट्या साधारण तिथेच येतात) आणि दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची मोकळीक ठेवा :

१.९६ × १.९६ × ०.८५ × ०.१५ ÷ (०.०५ × ०.०५) = १९५.९

म्हणजे कल्चर-पॉझिटिव्ह १९६ हवेत. घसादुखीच्या रुग्णांत जीएएस २५ टक्के सापडेल असं गृहीत धरलं तर एकूण ७८४. बाद पट्ट्या, सांडलेले, हरवलेले नमुने यासाठी ५ टक्के सोडा : ७८४ ÷ ०.९५, म्हणजे ८२६. उरलेल्या ५८८ निगेटिव्हांमध्ये स्पेसिफिसिटी ९५ टक्के आली तर तिची मोकळीक आपोआप १.८ टक्क्यांपर्यंत आवळते, तिच्यासाठी वेगळे रुग्ण नकोत.

तुमच्याकडचं प्रमाण २५ ऐवजी १० टक्के असेल तर हाच हिशेब १९६० वर जातो. म्हणून आधी महिनाभर नुसती कल्चरची नोंद पाहून प्रमाण ठरवा, मग आकडा लिहा. मुलांत प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, तेव्हा दोघांची सरमिसळ करून एकच प्रमाण धरू नका.

पांढरा_कोट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. इथे कोणताच मार्ग बिनखर्चाचा नाही, तेव्हा कोणता तोटा पत्करताय ते प्रोटोकॉलमध्ये लिहा.

एकच स्वॅब वापरायचा तर क्रम उलटा करता येत नाही. बहुतेक किटमध्ये सोडियम नायट्राइट आणि ॲसिटिक आम्ल मिसळून नायट्रस आम्ल तयार होतं आणि ते पेशीभित्तिकेतलं ग्रुप ए कार्बोहायड्रेट सोडवतं. त्यात बुडवलेल्या स्वॅबवर जिवंत जंतू राहत नाही. तेव्हा आधी ताटलीवर फिरवा, मग किटमध्ये. पण ताटलीवर फिरवताना काही माल तिथेच राहतो, आणि कमी जंतू असलेल्या नमुन्यात तेवढ्यानेही पट्टीची रेघ जाऊ शकते.

याहून छुपी भानगड वेगळी आहे. स्वॅब नीट घेतलाच गेला नाही, जिभेला लागून बाहेर आला, तर कल्चर निगेटिव्ह आणि पट्टीही निगेटिव्ह. तक्त्यात हा रुग्ण ‘बरोबर निगेटिव्ह’ म्हणून बसतो! दोन्ही चाचण्यांची चूक एकाच कारणाने झाली की ती दिसतच नाही आणि सेन्सिटिव्हिटी वर जाते.

माझं मत दोन स्वॅबच्या बाजूने. दोन्ही एकत्र धरून एकाच वेळी दोन्ही टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत घासा. मग कोणता ताटलीला आणि कोणता किटला हे आधी बंद करून ठेवलेल्या पाकिटातल्या चिठ्ठीवरून ठरवा. एकामागोमाग घेतले तर पहिला बहुधा जास्त माल घेऊन येतो आणि दुसऱ्या वेळी रुग्ण तोंड नीट उघडत नाही.

कल्चरची बाजू ढिली ठेवू नका, कारण तिची प्रत्येक चूक पट्टीच्या नावावर चढते. ५ टक्के मेंढीच्या रक्ताचं अगार, ३५ ते ३७ अंश, पहिलं वाचन १८ ते २४ तासांनी. निगेटिव्ह ताटल्या परत इन्क्युबेटरमध्ये आणि ४८ तासांनी दुसरं वाचन. एकाच दिवसात ताटल्या फेकल्या तर उशिरा उगवणारे सुटतात, आणि पट्टीने बरोबर पकडलेले रुग्ण खोटे पॉझिटिव्ह ठरतात. बीटा हिमोलिसिसच्या कॉलनीवर ०.०४ युनिटची बॅसिट्रॅसिन चकती लावून थांबू नका. ग्रुप सी आणि जीचे काही जंतूही तिला दबतात. लेटेक्स ग्रुपिंग (जंतूचा गट अँटिजनवरून ओळखणारी चाचणी) कराच. वर पीवायआर (जंतूचं एक एन्झाइम तपासणारी चाचणी) लावलं तर आणखी बरं, कारण अँजिनोसस गटातले काही जंतू ग्रुप ए चं अँटिजन बाळगतात. लेटेक्सवर ते ग्रुप ए दिसतात आणि पट्टीलाही फसवतात, पण पीवायआर निगेटिव्ह येतं. वाढीची श्रेणी (१+, २+, ३+) प्रत्येक ताटलीला लिहा.

अँटिबायोटिक चालू असलेले रुग्ण वगळा. औषधाने जंतू मरतो, अँटिजन मागे रेंगाळतं. कल्चर निगेटिव्ह, पट्टी पॉझिटिव्ह.

दोन_बाय_दोन

वगळा, पण नंतर नको. किती दिवसांतलं अँटिबायोटिक चालणार नाही ते पहिला रुग्ण येण्याआधी लिहून ठेवा. निकाल पाहून ‘अरे हा तर औषधावर होता’ म्हणत खोटे पॉझिटिव्ह एकेक करून काढले तर स्पेसिफिसिटी हवी तेवढी वाढवता येते.

पांढरा_कोट

मान्य. नोंदणीच्या अर्जातच तो प्रश्न हवा, पट्टी लावल्यावर विचारायचा नाही.

टिंबटिंब

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि तुमच्या योजनेतली सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

फक्त न जुळलेले नमुने पीसीआरला पाठवले की काय होतं पाहा. पट्टी पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह असलेल्यांपैकी काही पीसीआर पॉझिटिव्ह येतील. ते खोट्या पॉझिटिव्हमधून खऱ्यात जातील. पट्टी निगेटिव्ह, कल्चर पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी काही पीसीआर निगेटिव्ह येतील. तेही पट्टीच्या बाजूने जातील. उलट दिशेने मात्र एकही नमुना जाऊ शकत नाही, कारण जिथे दोघांचं जुळलं तिथे तुम्ही विचारलंच नाही. दोघांनी मिळून चुकवलेले नमुने तसेच राहतात. म्हणजे फेरतपासणीनंतर पट्टीचे आकडे एक तर तसेच राहतील किंवा सुधारतील, बिघडणं शक्यच नाही. अशा रचनेत नाणं उडवून दिलेले निकालसुद्धा थोडे सुधारतात.

पीसीआर हवाच असेल तर सगळ्या नमुन्यांना करा. तेवढं झेपत नसेल तर न जुळलेले सगळे आणि जुळलेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून निवडलेला ठरावीक हिस्सा, आणि हिशेबात त्या हिश्श्याला त्याचं वजन द्या. ‘दोहोंपैकी एक पॉझिटिव्ह म्हणजे रोगी’ असं मिश्र रेफरन्स स्टँडर्ड धरायचं तर कल्चर आणि पीसीआर एवढ्यातूनच बनवा. ज्या पट्टीची परीक्षा आहे ती परीक्षकांत बसवू नका.

एक मूळ प्रश्नही आधी सोडवा. तुम्हाला ‘घशात जीएएस आहे का’ हे हवंय, की ‘घसा जीएएसमुळे दुखतोय का’? काही जण नुसते वाहक असतात. विषाणूने घसा धरलेल्या वाहकाचं कल्चर पॉझिटिव्हच येणार. दुसऱ्या प्रश्नासाठी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने जोडीचे रक्तनमुने घेऊन एएसओ (या जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारं प्रतिपिंड) वाढला का ते पाहावं लागतं, आणि लवकर औषध दिलं तर कधी कधी तो वाढतही नाही. व्यवहारात पहिलाच प्रश्न घ्या, पण मथळ्यात तसं स्पष्ट लिहा.

शंकासूर

पीसीआरचा बेत रद्द. एक नवी कल्पना : प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये दोन वर्षांचे निकाल आहेत, हजाराच्या वर. तिथे निगेटिव्ह पट्टीचं कल्चर नेहमी होतं, पॉझिटिव्हचं होत नाही. नव्याने ८२६ रुग्ण गोळा करण्याऐवजी यातून भागेल?

टिंबटिंब

नाही. आकड्यांनीच दाखवतो. समजा १००० जण, त्यांत २०० रोगी; पट्टीची खरी सेन्सिटिव्हिटी ८५, स्पेसिफिसिटी ९५. मग खरे पॉझिटिव्ह १७०, सुटलेले ३०, खोटे पॉझिटिव्ह ४०, बरोबर निगेटिव्ह ७६०.

रजिस्टरमध्ये दिसतं ते इतकंच : २१० पॉझिटिव्ह (कल्चर नाही) आणि ७९० निगेटिव्ह, त्यांपैकी ३० कल्चर-पॉझिटिव्ह. कल्चर न झालेले २१० ‘रोगीच’ धरले तर सेन्सिटिव्हिटी २१०/२४०, म्हणजे ८७.५, आणि स्पेसिफिसिटी चक्क १००. ते चाळीस जण तक्त्यात रोगी म्हणून जाऊन बसले. आणि ते २१० सोडूनच दिले, तर सेन्सिटिव्हिटी शून्य!

त्या रजिस्टरमधून प्रामाणिकपणे एकच गोष्ट काढता येते : निगेटिव्ह पट्टीनंतर जंतू सापडण्याचं प्रमाण, ३०/७९०, म्हणजे ३.८ टक्के. तीही उपयोगाची आहे, पण तेवढीच.

पुढच्या काळासाठी मात्र उपाय सोपा. पॉझिटिव्हांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांचं कल्चर करा. वरच्या उदाहरणात १०५ पैकी साधारण ८५ खरे निघतील. दुप्पट केले की १७० परत मिळतात. निवड मात्र चिठ्ठीनेच. डॉक्टरला शंका आली म्हणून केलेलं कल्चर यात धरायचं नाही.

पांढरा_कोट

बाद आणि फिकट पट्ट्यांचं अजून कोणी बोललं नाही, आणि प्रत्यक्षात भांडणं त्यावरच होतात.

कंट्रोल रेघ उमटली नाही तर पट्टी बाद. त्याच अर्कावर दुसरी पट्टी एकदाच लावायची, तीही बाद झाली तर ‘बाद’ म्हणून नोंद. हे रुग्ण तक्त्यातून गुपचूप काढू नका, तिसरी ओळ करा. अहवालात दोन आकडे द्या : बाद सोडून, आणि सगळे बाद चुकीचे धरून. १९६ पैकी ६ बाद आणि उरलेल्या १९० पैकी १६३ पकडले असतील तर पहिला आकडा ८५.८ आणि दुसरा ८३.२. वाचणाऱ्याला दोन्ही हवेत.

फिकट रेघ वेळेत दिसली तर पॉझिटिव्ह, कितीही फिकट असो. ‘वेळेत’ म्हणजे किटच्या पत्रकात लिहिलेल्या मिनिटाला, टायमर लावून. नंतर पट्टी सुकताना राखाडी रेघ दिसते ती बाष्पीभवनाची, ती धरायची नाही. वाचणारे दोन जण हवेत, एकमेकांचं उत्तर न पाहता. दोघांचा कापा (उत्तरं योगायोगापलीकडे किती जुळतात याचा आकडा) काढा. कापा कमी आला तर रुग्ण घेणं थांबवून आधी वाचणाऱ्यांची तयारी करून घ्या. ताटली वाचणाऱ्याला पट्टीचा निकाल कळता कामा नये : ‘पट्टी पॉझिटिव्ह होती’ हे माहीत असलं की माणूस ताटलीवर एखादी कॉलनी शोधून काढतोच.

दोन_बाय_दोन

अहवाल स्टार्ड २०१५ (चाचणीच्या अचूकतेच्या अभ्यासात काय काय लिहावं याची यादी) च्या ३० मुद्द्यांवर बेतून लिहा, पण ती यादी शेवटी उघडू नका. रुग्णांचा प्रवाह दाखवणारी आकृती (पात्र किती, घेतले किती, पट्टी किती जणांना, कल्चर किती जणांना, बाद किती) आजच कोरी काढून भिंतीवर लावा. ज्या चौकटीत काय भरायचं ते आज कळत नाही, ती माहिती तुमच्या नोंदणीच्या अर्जात नाही असं समजा.

आणि चांगली अचूकता मिळाली म्हणजे पट्टीने रुग्णाचं भलं होतं, असा निष्कर्ष शेवटच्या परिच्छेदात घुसडू नका. ब्रिटनमधल्या प्रिझम या यादृच्छिक चाचणीत (२०१३) नुसत्या लक्षणांच्या गुणांकनाने अँटिबायोटिकचा वापर जितका घटला, जवळपास तितकाच गुणांकनाला अँटिजन पट्टीची जोड देऊनही घटला. पट्टीची वेगळी भर ठळकपणे दिसली नाही. ते तपासायचं तर रुग्णांचे गट पाडून पट्टीसह आणि पट्टीविना उपचार तोलावे लागतात. तो वेगळा अभ्यास आहे, या ८२६ जणांत तो होणार नाही.