पावसाळ्यात लिक्विड कूलिंग ऑटोवरून काढणं, शहाणपणा की नुसती भीती?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
आमच्या डेटा सेंटरला जून लागला की एक विधी असतो. सिनियर मंडळी सगळ्या सीडीयूंचं, म्हणजे चिपवरच्या कोल्ड प्लेटपर्यंत पाणी फिरवणाऱ्या युनिटांचं, ऑटो सेटपॉइंट (पाणी किती गार ठेवायचं ते आपोआप ठरवणं) बंद करतात, चिपकडे जाणारं पाणी 32 डिग्रीला लॉक, पंप 100 टक्के, आणि दिवाळीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. का, तर एका जुलैत पाईपला घाम सुटला होता. अरे पण त्यासाठीच तर कंट्रोलर आहे ना, तो खोलीतला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, बघतो आणि पाणी त्याच्या दोन-तीन डिग्री वरच ठेवतो! पंपाचा स्पीड 80 टक्क्यांवर आणला तरी वीज साधारण निम्मी होते, आणि आपण चार महिने फुल स्पीडला पळवतोय. गुगलने 2018 मध्ये कूलिंग सरळ एआयच्या हातात दिलं, दर पाच मिनिटांनी ते सेन्सर वाचून स्वतः निर्णय घेतं. आणि आपण अजून लॉगबुकात सह्या करतोय.

दहानंबरी_पाना:
त्या सिनियर मंडळींपैकीच एक समज मला. घाम का सुटला होता ते सांगितलं का कुणी तुला? ह्युमिडिटी सेन्सर खोटं बोलत होता. आत 70 टक्के, स्क्रीनवर 45. कंट्रोलर बिचारा आज्ञाधारक, त्याला वाटलं हवा कोरडी आहे, पाणी अजून थंड करूया. खाली मॅनिफोल्डवरून, म्हणजे पाणी वाटणाऱ्या मुख्य पाईपवरून, थेंब पडतायत आणि बीएमएसवर, म्हणजे बिल्डिंगवर नजर ठेवणाऱ्या स्क्रीनवर, सगळं हिरवंगार. मुंबईत भर पावसातसुद्धा दवबिंदू 25-26 च्या आसपास असतो, म्हणजे 32 वर पाणी असलं की सेन्सर खरा बोलो की खोटा, घाम येणारच नाही. ज्या आकड्याला सेन्सरची गरजच नाही तो आकडा मला प्यारा.

विक्रोळी_ईस्ट:
काका, पण त्याची किंमत पण सांगा ना. 120 किलोवॅटच्या एआय रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या एका कपाटाला, पाणी 10 डिग्रीने तापू द्यायचं म्हटलं तर मिनिटाला 170 लिटरच्या आसपास पाणी लागतं, जवळजवळ एक पिंप. पंप ट्रिप झाला आणि दुसरा वेळेत नाही आला तर चिप काही सेकंदात स्लो होते नाहीतर बंद पडते. 25 वरून सुरुवात केली तर थोडीतरी उसंत मिळते, 32 वरून त्यातलीच सात डिग्री आधीच खाल्लेली. आणि एआय मॉडेलच्या ट्रेनिंगचा जॉब सुरू झाला की लोड असा उडी मारतो की माणूस खुर्चीतून उठेपर्यंत खेळ खल्लास. तिथे ऑटोच पाहिजे.

दहानंबरी_पाना:
मुली, 32 ला लॉक म्हणजे मॅन्युअल नव्हे! थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अजून आपोआपच फिरतो, साधा पीआयडी लूप, म्हणजे ठरलेल्या आकड्यापासून पाणी किती ढळलं ते बघून दुरुस्त करणारं कंट्रोल, पाणी 33 झालं की उघड, 31 झालं की मीट. त्याच्याशी माझं भांडण नाही, मी काय तिथे चाक फिरवत बसणारे का. माझं भांडण त्याच्या डोक्यावर बसलेल्या दुसऱ्या मेंदूशी आहे जो 32 चं 24 स्वतःच्या मनाने करतो. उसंतीचा मुद्दा मात्र मान्य, पण ती उसंत मला पाण्याच्या मोठ्या टाकीत आणि यूपीएसवर चालणाऱ्या पंपात दे, थंड पाण्यात नको.

कटिंग_चहा:
सिंगापूरचं डेटा सेंटर विसरलात वाटतं. 14 ऑक्टोबर 2023, चिल्ड वॉटरच्या अपग्रेडचं काम चालू होतं आणि काँट्रॅक्टरने बफर टाकीचे व्हॉल्व्ह बंद करायचा सिग्नल चुकून पाठवला. डीबीएस बँक आणि सिटीबँकेचे मिळून 25 लाख व्यवहार अडकले. चूक माणसाचीच!

दहानंबरी_पाना:
चूक माणसाची, पण बसल्या जागी सिग्नल पाठवता आला म्हणून एवढी महाग पडली. तोच व्हॉल्व्ह हाताने मिटायचा असता तर टाकीपाशी जावं लागलं असतं, पाण्याचा आवाज बदललेला ऐकू आला असता, शेजारचा ओरडला असता की अरे काय करतोस.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
आवाज ऐकून प्लांट चालवायचे दिवस गेले हो काका. आमच्या सोसायटीत वॉचमन आवाजावरच पंप बंद करायचा, आठवड्यातून दोनदा गच्चीवरून धबधबा.

विक्रोळी_ईस्ट:
आणि आमच्या सोसायटीत ऑटो फ्लोट बसवला, तो शेवाळाने अडकला, धबधबा तसाच. 😄 पण सिरियसली, सेन्सर खोटा बोलतो म्हणून सगळा मेंदूच काढून टाकायचा हे पटत नाही. तीन सेन्सर लावा, दोघांचं जुळेल ते धरा, आणि कंट्रोलर कितीही हुशार झाला तरी 28 च्या खाली उतरायची त्याला मुभाच नको, ती मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये नाही तर वेगळ्या रिलेवर, म्हणजे स्वतंत्र इलेक्ट्रिक स्विचवर.

दहानंबरी_पाना:
हे चालेल मला. फक्त ते तीन एकाच बॅचचे नकोत, एकाच दिवशी बसवलेले तिघं पावसाळ्यात एकाच बाजूला घसरलेले मी बघितलेत आणि तेव्हा दोघांचं कशाला, तिघांचंही झकास जुळत होतं.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
ठीक. मग सेन्सरांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते खरं दाखवतायत का ते तपासून जुळवणं, मे मध्ये, पाऊस यायच्या आधी? आमच्याकडे ते डिसेंबरमध्ये होतं, बजेट तेव्हा सुटतं म्हणून.

दहानंबरी_पाना:
डिसेंबरमध्ये?? अरे मग लॉक करतायत तेच बरंय.