सर्व्हर सांभाळताना नवे काय शिकावे आणि काय सोडून द्यावे?

बुटीबोरी_ॲडमिन
नमस्कार. मी नागपुरात राहतो आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे सर्व्हर, नेटवर्क व सुमारे दोनशे संगणक गेली चौदा वर्षे सांभाळतो आहे. मदतीला एकच सहकारी आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेऊन कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली, सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची अद्यतने मिळण्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. ही कामे निस्तरत असतानाच कुबरनेटिस (कंटेनर, म्हणजे स्वतंत्र पुड्यांत बांधलेली सॉफ्टवेअरे, सांभाळणारी प्रणाली), क्लाउड आणि आता एआयही शिकून घ्या, असे वरिष्ठ सांगतात; वेळ मात्र देत नाहीत. विकत घेतलेले तीन कोर्स निम्म्यावर पडून आहेत, कारण वर्धा रोडवरून घरी पोहोचून जेवण उरकल्यावर व्हिडिओ लावला की दहाव्या मिनिटाला डोळा लागतो. काय शिकावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय सोडून द्यावे, हे आपण कसे ठरवता?

जुना_रूट
मी एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये सव्वीस वर्षे काढली. माझ्या मते आधी ज्ञानाचे वय पाहावे. डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा, पाया १९८७ च्या दस्तऐवजांवर आजही उभा आहे. त्यावर घातलेला वेळ वाया जात नाही. एकदा आमच्या शाखांना नवे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित मार्ग) जोडल्यावर पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित जात होते, लॉगिनही होत होते, पण मोठी फाइल पाठवली की ती मध्येच अडकत असे. दोन दिवस सर्वांनी नव्या उपकरणाच्या पुस्तिका चाळल्या. शेवटी दोष सापडला तो असा, की व्हीपीएनमुळे पॅकेटचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा, कमाल आकार कमी झाला होता आणि ‘पॅकेट मोठे आहे’ असे कळवणारे आयसीएमपी संदेश फायरवॉलवर अडवलेले होते. त्या उपकरणाचा कोर्स केलेले दोघे तिथेच होते. त्यांनाही हे सुचले नाही.

मिहान_ऑप्स
सरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण तेवढ्याने ठरलेल्या मुदतींचा प्रश्न सुटत नाही. मी आमच्याकडील प्रत्येक प्रणालीची मुदत संपण्याची तारीख एका तक्त्यात लिहून ठेवते आणि अभ्यासाचा क्रम त्या तक्त्यावरून ठरवते. उदाहरणार्थ, वेबसाइटच्या टीएलएस प्रमाणपत्रांची (साइटची ओळख पटवून जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्रांची) कमाल मुदत ३९८ दिवस होती. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था व ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमच्या एप्रिल २०२५ मधील निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते. वर्षातून एकदा हाताने उरकण्याचे काम पुढे प्रत्येक प्रमाणपत्रामागे आठ-नऊ वेळा करावे लागेल. म्हणजे एसीएमई या प्रमाणित पद्धतीद्वारे स्वयंचलित नूतनीकरण शिकणे आपल्याला टाळता येणार नाही, आणि त्याला फार तर दोन-तीन दुपारी लागतात. याउलट, आपल्या कारखान्यात एकही कंटेनर चालत नसेल, तर कुबरनेटिस निःशंकपणे सोडून द्यावे. त्याच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला सुमारे चौदा महिनेच आधार मिळतो. शिकून ते बसवलेच, तर दोन माणसांनी ते अद्ययावत ठेवायचे तरी कधी?

कूलरसमोरची_लॅब
वेळेबद्दल लिहितो. रात्रीचा अभ्यास मी बंद केला. आता बुधवारी दुपारचे दोन तास कामाच्या नोंदवहीत ‘बदलाची पूर्वचाचणी’ म्हणून रीतसर लिहितो, आणि ती खरोखर पूर्वचाचणीच असते: जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (आभासी सर्व्हर चालवणारी प्रणाली) टाकून आधी बॅकअप परत उभा करून पाहायचा, मग नवी आवृत्ती चढवायची. ‘अभ्यासासाठी वेळ हवा’ असे म्हटल्यावर साहेब मान हलवून विसरत. ‘चाचणी न करता बदल केला तर उत्पादन थांबू शकते’ असे लेखी दिल्यावर आठवड्यात मंजुरी आली. हीच लॅब पूर्वी घरी होती, पण मे महिन्यात ती कूलरसमोर ठेवूनही बंद पडत असे. (त्यावरून घरात झालेल्या चर्चेचा तपशील इथे देत नाही.) परीक्षांचे म्हणाल, तर नूतनीकरणाचा बोजा आधी मोजावा. मायक्रोसॉफ्टची भूमिकाधारित (विशिष्ट कामाची परीक्षा देऊन मिळणारी) कौशल्य-प्रमाणपत्रे वर्षभरच चालतात. नूतनीकरण ऑनलाइन व विनामूल्य असले तरी ते दरवर्षी करावे लागते. मी एकच ठेवले आहे.

बुटीबोरी_ॲडमिन
सर्वांचे आभार. काल बसून तक्ता केला. एकूण नऊ टीएलएस प्रमाणपत्रे निघाली, त्यांपैकी दोन कुठे आहेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. कुबरनेटिसचा कोर्स बंद केला. एक अडचण उरली आहे: हजेरीच्या यंत्राच्या सर्व्हरवर प्रमाणपत्र केवळ हाताने चढवता येते. त्याचे काय करावे?

मिहान_ऑप्स
तो सर्व्हर बाहेरून कोणी उघडत नसेल, तर आपल्या अंतर्गत प्रमाणपत्र-प्राधिकरणाचे (कारखान्यापुरती प्रमाणपत्रे देणाऱ्या आपल्याच सर्व्हरचे) प्रमाणपत्र द्या. वरील मर्यादा सार्वजनिक विश्वासाच्या प्रमाणपत्रांपुरत्याच आहेत. बाहेरून उघडत असेल, तर त्याच्यापुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आधी स्वतः घेऊन आत पाठवणारा सर्व्हर) ठेवा आणि नूतनीकरण प्रॉक्सीवर होऊ द्या.