मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात फ्लोराइड 3.4, विहिरीत नायट्रेट 61. घरच्यांनी प्यायचं कोणतं?

नमस्कार मंडळी,

मी नोकरीसाठी पुण्यात असतो, घर यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. घरी आई, दादा-वहिनी, नऊ वर्षांची पुतणी आणि चौदा महिन्यांचा पुतण्या. दिवाळीत गेलो तेव्हा पुतणीच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसले. नीट घासत नाही म्हणून वहिनी तिला रोज रागावतात. पण तिच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांचे दात तसेच आहेत. सगळीच पोरं दात घासत नाहीत, असं कसं होईल?

पुतणीच्या जन्माआधी दादाने अंगणात 280 फूट बोअर मारला. तोवर आम्ही 42 फुटांच्या जुन्या विहिरीचं पाणी प्यायचो. बोअरचं पाणी गोड, साबणाला फेस भरपूर. विषय काढला तर आई म्हणते, "ह्या पाण्यानं तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, अन् तू म्हणतं पाणी खराब हाय!"

शेवटी दोन्ही पाण्यांची तपासणी करून घेतली. बोअर: फ्लोराइड 3.4, कठीणपणा 120, नायट्रेट 12. विहीर: फ्लोराइड 0.7, कठीणपणा 410, नायट्रेट 61. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर. अहवालावर दोन्ही ठिकाणी "पिण्यास अयोग्य" एवढाच शिक्का. पुढे काय करायचं ते विचारायला गेलो तर खिडकीवरच्या माणसाने "गावात विचारा" म्हणून परत पाठवलं. गावात म्हणतात, पंचायतीला हिरवं कार्ड आहे, म्हणजे पाणी चांगलंच.

घरी रोज स्वयंपाक होतो, पाणी तर लागणारच. दोन्हींपैकी कमी वाईट कोणतं? बोअरचं पाणी उकळून चालेल का? पुतणीचे डाग जातील का? आणि सरकारने इतकी वर्षं भूजल तपासलंय, तर आमच्या गावाची नोंद कुठे पाहायची? कृपया जाणकारांनी सांगावं. बाळाची फार काळजी वाटते.

*

प्रतिसाद: काळा पाषाण

दादा, आधी उकळण्याचं. अजिबात नको. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी वाफ होऊन कमी होतं आणि उरलेल्यात ते आणखी दाट होतं. कँडलचा फिल्टर, यूव्ही, तुरटीचा खडा फिरवणं, यांचाही फ्लोराइडसाठी उपयोग नाही.

भारतीय मानकात (आयएस 10500) फ्लोराइड 1 पर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. तुमचं त्याच्या दुपटीहून जास्त आहे. नायट्रेटची मर्यादा 45, त्यात सवलत नाही. म्हणून दोन्हींवर शिक्का पडला. पण दोन्ही दोष सारखे नाहीत, आणि अहवालाने तुम्हाला हेच सांगायला हवं होतं.

तुमच्या आईची डाळीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी भूशास्त्र शिकलोय, म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या भागात वर बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी पैनगंगेचे चुनखडक आणि शेल (चिखलाचे थर घट्ट होऊन बनलेला खडक). ते बसाल्टहून कितीतरी जुने. खोल भेगांतलं पाणी वर्षानुवर्षं खडकाला लागून असतं. त्या काळात पाण्यातलं कॅल्शियम मातीकणांवर बसतं आणि सोडियम पाण्यात येतं, म्हणून पाणी मऊ होतं. कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडलं जाऊन खाली बसतं. कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइडला अडवायला कुणी राहत नाही. म्हणजे साबणाचा फेस, लवकर शिजणारी डाळ आणि 3.4 हा आकडा, तिन्ही एकाच कारणाने आले. विहिरीचं पाणी नव्या पावसाचं, कठीण आणि म्हणून फ्लोराइडला कमी. तुमच्या अहवालात 120 आणि 410 शेजारी ठेवून बघा. आईंना हे असंच सांगा. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा निघतो.

*

प्रतिसाद: दवाखान्यातली ताई

मी आरोग्य खात्यात होते, म्हणून दातांचं सांगते. पुतणीला रागावणं आजच थांबवा. हे डाग बहुधा जास्त फ्लोराइडचे, याला फ्लोरोसिस म्हणतात. ते घासण्याने जात नाहीत, कारण ते दाताच्या आतल्या थरात, दात हिरडीत तयार होत असतानाच पडतात. दंतवैद्य वरून उपचार करून ते झाकू शकतात, तो विचार मोठेपणी करता येईल.

खरी घाई तिची नाही, बाळाची आहे. कायमच्या दातांचं कवच जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत बनतं, आणि पुढच्या दातांचं याच वयात. चौदा महिने म्हणजे ऐन वेळ. वहिनी अंगावर पाजत असतील तर चालू ठेवू दे, आईच्या दुधात फ्लोराइड फार कमी उतरतं. पण बाळाचं वरण-पाणी, पेज, पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात करू नका. स्वयंपाकाचं पाणी लोक हमखास विसरतात. पिण्याचं बदलतात आणि डाळ-भात त्याच नळावर शिजवतात. ते सगळं पोटातच जातं.

नायट्रेटचा मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. तुमचं बाळ त्या वयातून बाहेर आलंय. तरी 61 हे 61च. मी तुमच्या जागी असते तर मोठ्यांसाठी विहीर आणि बाळासाठी आरओचं पाणी, असं आजपासून केलं असतं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं चुकवू नका, उघड्या विहिरीत जंतूंचा प्रश्न वेगळा असतो. आईंचे गुडघे, पाठ धरते का? अनेक वर्षं असं पाणी प्यायल्यावर हाडांवरही परिणाम होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लोरोसिसचं नाव घेऊन विचारा. 2008-09 पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, लघवीतलं फ्लोराइड तपासता येतं.

*

प्रतिसाद: पाणलोट

हिरव्या कार्डाबद्दल. ते स्वच्छता सर्वेक्षणाचं असतं. स्रोताभोवती घाण आहे का, गळती आहे का, टीसीएल वापरतात का, यावरून देतात. त्याचा फ्लोराइडशी संबंध नाही. हा गैरसमज मी अनेक गावांत पाहिलाय.

नोंदींसाठी दोन ठिकाणं. एक राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, 1972 च्या दुष्काळाच्या वेळची. दुसरं केंद्रीय भूजल मंडळ. दोघांच्या निरीक्षण विहिरी आहेत. तुमच्याच पांढरकवडा भागातल्या फ्लोराइडवर 2007 साली 'करंट सायन्स'मध्ये लेखही आलाय. पण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी बहुतेक उघड्या, उथळ असतात. तुमच्या गावाची नोंद 0.6 दिसली म्हणून 280 फुटांवरचं पाणीही 0.6, असं समजू नका. नकाशा खोटा नसतो, तो वेगळ्या पाण्याचा असतो. म्हणून नोंद मागताना स्रोत विहीर की बोअर, खोली किती, नमुना कोणत्या महिन्यातला, हे तीन प्रश्न विचाराच.

उन्हाळ्यात पुन्हा तपासा. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग नमुना घ्या. बाटली प्लॅस्टिकची, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेली. फ्लोराइडसाठी काच नको.

नायट्रेटवर उपाय आहे. गोठा, उकिरडा विहिरीपासून किती लांब आहे? चढाच्या बाजूला असेल तर तो हलवा, आणि जवळच्या वावरात युरिया जपून द्या. फरक पडायला एखाद-दोन पावसाळे जातील. आणि पत्र्याचं छत असेल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून देऊन पुढचं टाकीत धरा. हजार चौरस फूट पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटर पाणी होतं. झाकणबंद टाकीतलं ते पाणी फ्लोराइड-नायट्रेट दोन्हींपासून मोकळं असतं. पिण्यापूर्वी उकळा, इथे उकळणं कामाचं आहे.

*

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वहिनींना फोन केला. पुतणीला जवळ घेऊन त्या बराच वेळ रडल्या. सकाळपासून पिण्या-रांधण्याला विहिरीची वेगळी घागर, बाळासाठी गावातल्या आरओचा कॅन. बोअर धुण्या-भांड्यांना. आईला कठीणपणाचे दोन आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मंग डाळ रात्रीच भिजू घालतो." उकिरडा खरंच विहिरीच्या वरच्या अंगाला, वीस पावलांवर आहे. दादा या आठवड्यात हलवतोय.

एक प्रश्न राहिला. शाळेजवळच्या हातपंपाला पूर्वी लाल रंग, म्हणजे पाणी पिऊ नका अशी खूण, मारला होता. तो उडालाय, आणि पोरं मधल्या सुट्टीत तिथेच पाणी पितात. तो पुन्हा तपासून रंगवून घ्यायचा तर अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा की पंचायत समितीत? कुणी असा अर्ज केला असेल तर मायना कसा लिहिला ते सांगा. सोमवारी गावी जातोय, तेव्हाच देईन.