घड्याळ एकच, मग नागपूरला आधी अंधार कसा?

दादरकर_चाळवाला
सोसायटीच्या क्विझसाठी प्रश्न काढतोय, एका ठिकाणी गाडी अडलीय. बहीण नागपूरला असते, डिसेंबरात संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला की तिच्याकडे दिवे लागलेले आणि आमच्याकडे पोरं अजून उन्हात क्रिकेट खेळतायत. एकाच राज्यात एवढा फरक कशामुळे? आणि भारताची वेळ नक्की कुठली धरलीय? शाळेतली पोरंपण असणार आहेत, जरा सोप्पं सांगा.

संत्रानगरी
सोप्पं आहे भाऊ. देशाच्या मधोमध नागपूर, झीरो माईलचा खांब इथंच, म्हणून वेळ पण नागपूरचीच धरली. तुम्ही लोकं मागून येता.

रेखांशवाला
अहो त्या खांबाचा घड्याळाशी काही संबंध नाही, तो इंग्रजांच्या जमीन मोजणीतला, क्विझमध्ये हे सांगाल तर कुणीतरी नक्की पकडेल. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून आणि खाली आंध्रात काकीनाड्याच्या बाजूने जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, मग साडेब्याऐंशी गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणून आपण ग्रीनिचच्या (लंडनमधलं शून्य रेखांशाचं ठिकाण) साडेपाच तास पुढे. मुंबई ७३ अंशाच्या जरा अलीकडे, नागपूर ७९ च्या जरा पुढे, सहा अंशांचे झाले साधारण २५ मिनिटं.

पण डिसेंबरात संध्याकाळचा फरक अर्ध्या तासापर्यंत जातो कारण नागपूर दोन अंश उत्तरेला पण आहे, थंडीत तिकडचा दिवस मुंबईपेक्षा लहान. जूनमध्ये उलटं, सूर्यास्तातला फरक २० मिनिटांवर येतो आणि सकाळचा वाढतो. संकष्टीला कॅलेंडरवर गावागावांच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापतात ना, ते पण याच कारणाने, मुंबईची वेळ बघून नागपूरवाले बसले तर उगाच उपाशी राहतील.

जुनी_मुंबई
यात खरा क्विझचा प्रश्न राहिलाच की. मुंबईची स्वतःची वेळ होती, बॉम्बे टाइम! ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आत्ताच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ ला सरकारने स्टँडर्ड टाइम आणला तरी मुंबईकरांनी काही मनावर घेतलं नाही, महापालिकेने आपली वेळ चालू ठेवली ती थेट १९५५ पर्यंत. कलकत्त्याने १९४८ ला सोडली, आपण त्याच्याही नंतर. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी "कुठला टाइम?" हे विचारावं लागत होतं, विचार करा भेटायची वेळ ठरवताना काय गंमत होत असेल.

दादरकर_चाळवाला
हे भारी आहे, घेतलं. म्हणजे मुंबईत बरोब्बर बाराला सूर्य डोक्यावर नसतोच का?

रेखांशवाला
नसतो. सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी येतो, तेच ते बॉम्बे टाइमचे ३९. वर्षभरात थोडं पुढेमागे होतं. बघायचं असेल तर मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा गच्चीवर स्टीलचा ग्लास उपडा ठेवा, १२:३५ च्या सुमाराला सावली पूर्ण गायब, ग्लासच्या कडेला काळी रेघसुद्धा दिसत नाही. बाराला बघाल तर पश्चिमेला चांगली पडलेली असते. पुण्यात एक-दोन दिवस आधी, १२:३१ च्या आसपास. जुलै अखेरीस मुंबईत परत येतो हा दिवस पण तेव्हा ढग, काही उपयोग नाही.

चहा_कडक
आसामचं पण टाका. तिकडे सूर्य इतका लवकर उगवतो की चहाच्या मळ्यांत "बागान टाइम" चालतो, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे. अरुणाचल आणि द्वारका यांच्यात सूर्योदयाला जवळपास दोन तासांचा फरक आहे, तरी सरकारी घड्याळ एकच. आणि नेपाळ आपल्यापेक्षा फक्त १५ मिनिटं पुढे आहे, म्हणजे ग्रीनिचच्या पावणेसहा तास, १९८६ पासून. हा प्रश्न टाकलात तर अर्धे लोक साडेपाचच सांगतील.

संत्रानगरी
ते सगळं ठीक आहे राजेहो, पण नागपुरात पण सूर्य बाराला डोक्यावर नसतो का मग?

रेखांशवाला
साधारण सव्वाबाराच्या आत-बाहेर. मुंबईपेक्षा तुम्ही बरे.

संत्रानगरी
मे मध्ये तो दिवसभर डोक्यावरच असतो इथं.