दिवाळीची कार्डं पाकिटात जात नाहीत, आज ठरवा

प्रेषक: माई (मुक्काम शिरोडा)

मंडळी,
अमेरिकेतल्या मंडळासाठी आपण रबरी ठशांनी छापतोय त्या कार्डांचा पहिला गठ्ठा काल घडी घालून तयार झाला. वहिनींनी तिकडून पाठवलेलं एक पाकीट घेतलं, कार्ड आत जाईना. आपण ए-फोर अर्धा कापून मधोमध घडी घातलीय, म्हणजे कार्ड १०५ बाय १४८ मिमी. पाकीट अमेरिकेतलं ए-टू, बाहेरून मोजलं तरी लांबी १४६. रुंदीला हवी तेवढी जागा, लांबीला दोन मिलिमीटरने अडलंय. चार फुलांच्या संचातले सोनचाफा आणि अबोली छापून झालेत. सुरंगी आणि ताम्हणाचे कागद अजून कोरे आहेत. कापायचं की पाकिटं बदलायची? पोरी उद्या सकाळी परत बसणार आहेत, त्यामुळे उत्तर आजच हवं.

प्रेषक: सचिव

माई, कापा. वरून चार मिमी, खालून चार मिमी, कार्ड १४० चं होईल आणि आरामात बसेल. पाकिटांचे पैसे बैठकीत मंजूर होऊन खर्चही झालेत. आता नवी पाकिटं घ्यायची तर पुन्हा सगळ्यांना विचारावं लागेल.

प्रेषक: वहिनी

सचिवकाका, कार्ड हातात घेतल्याशिवाय कापा म्हणू नका. प्रत्येक कार्डावर कडेपासून ५ मिमी आत बारीक चौकट छापलेली आहे. वरखाली चार-चार मिमी गेले की चौकट वर-खाली कडेला टेकणार आणि डाव्या-उजव्या बाजूला ५ मिमी मोकळीच राहणार. हात थोडा हलला तर रेघच कापली जाईल.

हा संच आहे. चारही कार्डांवर चौकट एक, पानाचा ठसा एक आणि हिरवी शाईही एक. बदलतं ते फूल आणि त्या फुलाचा रंग. मागचं फिकट फूल वेगळ्या शाईचं नाही. ठसा एकदा भरून कच्च्या कागदावर दाबायचा आणि पुन्हा शाई न लावता तोच कार्डावर उमटवायचा. मग पुढचं फूल गडद, मागचं फिकट. पुढचं आधी छापून त्यावर त्याच आकाराचा कागदी तुकडा झाकला की मागचं फूल खरंच मागे गेल्यासारखं दिसतं. पाकिटाच्या झाकणावर तेच पान लहान करून येणार आहे. दोन कार्डं कापलेली आणि दोन पूर्ण असली तर त्याला संच कोण म्हणेल?

प्रेषक: अण्णा (गुहागर)

घडी कुठल्या दिशेने घातलीत? जाड कागदाला तंतूची दिशा असते. घडी तंतूला समांतर आली तर सरळ बसते, आडवी आली तर पाठीवर कागद फुटतो आणि छापलेल्या भागावर पांढरी रेघ दिसते. एका वाया गेलेल्या कागदाला दोन्ही दिशांनी हलकंच वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकेल ती बरोबर. घडीआधी पट्टी धरून रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढायची, नखाने नाही. आमच्या वेळी लग्नपत्रिका अशाच घडी घालून जायच्या. कापायचं असेलच तर माझ्याकडे चांगला कटर आहे, पण गुहागरहून शिरोड्याला तो आणणार कोण?

प्रेषक: आरवलीची काकी

पाकिटाचं काय ते तुम्ही ठरवा. मी परवा माईकडे ताम्हणाचा आणि सुरंगीचा ठसा बघून आले. ताम्हण सुंदर आहे, सहा पाकळ्या, चुणीदार, अगदी बरोबर. सुरंगीला मात्र पाच पाकळ्या कोरल्यात. सुरंगीला चार असतात. शिवाय ती डहाळीच्या टोकाला लांब देठावर काढलीय. आमची आजी म्हणायची, "सुरंग फांदयेक धरता, शेंड्याक नाय." जुन्या उघड्या फांदीला चिकटून गुच्छ येतात, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. आरवली-सोन्सुऱ्यात पहाटे उठून फूल उमलायच्या आधी कळे काढणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या घरीही ही कार्डं जाणार. ठसा बदला, एवढी विनंती.

प्रेषक: माई

काकी, बरं झालं सांगितलंत. सुरंगी अजून छापलेली नाही. नवा रबर घेऊन आज रात्री कोरते. चार पाकळ्या, खाली फांदीचा खडबडीत तुकडा. एकच विचार आहे, पाकळी पांढरी आणि कागदही पांढरा. म्हणून पाकळीची नुसती कडा हिरव्या शाईत आणि केसर पिवळ्यात घेते. केसराचा ठसा वेगळा असेल, तो पाकळ्यांनंतर.

"शुभ दीपावली"चा ठसाही माझाच आहे. बटर पेपरवर पेन्सिलने लिहून कागद उलटा रबरावर घासला की अक्षरं आपोआप उलटी उतरतात. शिरोरेषा सर्वात शेवटी मोकळी करते, नाहीतर बारीक रेघ मधेच तुटते.

अण्णा, घडी बरोबर आहे, बघितली. शाईचा त्रास जास्त आहे. भाद्रपदातल्या या हवेत पिगमेंटची शाई गुळगुळीत कागदावर सुकतच नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. म्हणून डाय शाईवर आले. ती कागदात शिरते आणि लवकर सुकते, फक्त उन्हात ठेवायची नाही. सुकलेली कार्डं पत्र्याच्या डब्यात, मधे कोरा कागद घालून.

प्रेषक: दापोलीची ताई

प्रत्येक कार्डात एकेक सुकलेलं बकुळीचं फूल चिकटवलं तर? आमच्याकडे ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्याच, माळा करून ठेवल्यात, महिनोन्महिने वास जात नाही. मंडळातल्या मुलांना घराचा वास मिळेल. छापलेल्या फुलाला वास कुठून येणार?

प्रेषक: सचिव

ताई, भावना समजते, पण नको. सुकलेलं असलं तरी ते झाडाचंच. कार्डं घेऊन जाणाऱ्या काकांना अमेरिकेत उतरताना ते जाहीर करावं लागेल आणि एका फुलासाठी सगळी बॅग अडकेल. तिकडच्या टपालात पत्राची जाडी पाव इंचापर्यंत चालते, पण आत उंचवटा असला तर ते यंत्रातून जात नाही आणि वर जास्त पैसे लागतात. चौकोनी पाकिटालाही तेच. आपलं आयताकृती आहे तेच बरं.

प्रेषक: दापोलीची ताई

मग छापील तरी करा बकुळ! पुढच्या वर्षीच्या संचात मी ठसा देते, दुसऱ्या कुणी घेऊ नये.

प्रेषक: खजिनदार

वहिनींचं म्हणणं पटलं. कापायचं नाही. सी-सिक्स पाकीट ११४ बाय १६२ मिमी असतं, १४८ चं कार्ड त्यात नीट बसतं, तिकडच्या टपालालाही मापात बसतं. सावंतवाडीत किंवा कुडाळला कागदवाल्याकडे विचारा. ए-टू पाकिटं वर्गणीच्या पावत्यांना वापरू, पैसे वाया गेले असं कुणी म्हणायचं नाही. सुरंगी आणि ताम्हणही त्याच १०५ बाय १४८ वर छापा.

प्रेषक: वहिनी

धन्यवाद. माई, पाकिटं घेताना डिंकाच्या झाकणाची मुळीच घेऊ नका. या हवेत गठ्ठ्यातल्या गठ्ठ्यात चिकटून बसतात आणि उघडताना झाकण फाटतं. सोलायची पट्टी असलेलीच मागा. आणि एक पाकीट दुकानातच उघडून तुमचं एक कार्ड आत घालून बघा, मग बाकीची घ्या.

प्रेषक: माई

पुतण्या सकाळी सावंतवाडीला जातोय. अबोलीचं कार्ड त्याच्यासोबत देते. काकी, तुम्ही संध्याकाळी येऊन सुरंगीचा नवा ठसा बघून जा, तुम्ही हो म्हटल्यावरच छापायला घेते.