प्रवास नाही, फक्त चांगी विमानतळ बघायचाय (मुलं + आजोबा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात कराडहून दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासरे आमच्याकडे सिंगापूरला येताहेत. एक अख्खा दिवस चांगी विमानतळासाठी राखून ठेवायचं ठरलंय. येण्याजाण्याच्या दिवशी ते जमत नाही. विमान पहाटे उतरतं, मुलं पेंगुळलेली असतात, त्यात बॅगा, इमिग्रेशनची रांग, टॅक्सी. बघणं राहूनच जातं.

ज्याला विचारावं तो म्हणतो, ज्युएल (विमानतळाला जोडलेला मोठा मॉल) बघा. ते बघणारच आहोत. काचेच्या घुमटातून ४० मीटर खाली कोसळणारा धबधबा आणि त्याच्या शेजारून जाणारी स्कायट्रेन (टर्मिनलांमध्ये फिरणारी छोटी गाडी) मुलांना दाखवल्याशिवाय कशी परत पाठवू? पण माझा पुतण्या नऊ वर्षांचा आहे आणि त्याला विमानं बघायची आहेत. चाकं कधी बाहेर येतात, बॅगा पोटात कशा चढवतात, चढायला जिना लावतात की टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणारा बोगदा, असे त्याचे प्रश्न. आणि त्याच्याहून जास्त उत्सुक आहेत आप्पा, म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून झाली. गाडी फाटकातून आत येतानाच्या आवाजावरून ते बिघाड सांगायचे. परवा फोनवर मला म्हणाले, "विमानाला रिव्हर्स गिअर असतो का गं?" मी सांगितलं, नसतो, टग नावाचं एक बुटकं, जड वाहन पुढच्या चाकाला जोडतात आणि तेच विमानाला मागे ढकलतं. लगेच म्हणाले, "मग ते मला बघायचंय."

म्हणून हा दिवस मला या दोघांसाठी आखायचाय. बाकीच्यांची दुकानं आणि फोटो मधल्या वेळात होतील.

आत्तापर्यंत डोक्यात आहे ते असं: एमआरटीने (इथली मेट्रो) तानाह मेराहला गाडी बदलून विमानतळ स्टेशन. मग एक नंबर टर्मिनलच्या चेक-इन हॉलमधलं 'कायनेटिक रेन'. २०१२ पासून तिथे टांगलेले तांब्याच्या मुलाम्याचे १,२१६ थेंब, प्रत्येक थेंब बारीक पोलादी तारेवर, प्रत्येकाला छतात स्वतंत्र मोटर, आणि सगळ्या मोटरी संगणकाच्या हुकमाने चालतात. आप्पा तिथून लवकर हलणार नाहीत, हे मी आत्ताच लिहून देते. त्यानंतर ज्युएल. संध्याकाळी धाकटीसाठी (साडेतीन वर्षं) चार नंबर टर्मिनलजवळचे डायनासोरचे पुतळे.

आता अडलंय ते सांगते. तिकीट नसताना विमानं नीट दिसतील अशी जागा कुठली? आप्पांचा उजवा गुडघा दुखतो, सलग चालणं होत नाही, तर व्हीलचेअर मिळते का? कॅनोपी पार्कचं (ज्युएलच्या सर्वात वरच्या मजल्यावरची बाग) तिकीट काढावं का? आणि जेवणाचं काय करावं, कारण आप्पा शुद्ध शाकाहारी आहेत आणि मुलांना भूक लागली की थांबायची सोय नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी विमानांचं सांगतो, कारण माझाही मुलगा याच वेडाचा आहे. तीन नंबर टर्मिनलच्या वरच्या मजल्यावर बघायची गॅलरी आहे, बोर्डिंग पास लागत नाही. तुमच्या सासऱ्यांना हवा तो टग तिथून दिसेल. सुटायच्या तयारीत असलेलं एक विमान धरा आणि तिथेच बसून राहा. बॅगांच्या गाड्या निघून जातात, बोगदा मागे सरकतो, मग टग ढकलायला लागतो. हा क्रम समजला की मुलं पुढचं विमान स्वतःच ओळखतात.

चाकं बाहेर आलेलं विमान डोक्यावरून जाताना बघायचं असेल तर चांगी बीच पार्क. धावपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण आहेत आणि विमान वाऱ्याला सामोरं उतरतं. तुम्ही जूनमध्ये जाताय, तेव्हा वारा बहुतेक दक्षिणेकडून असतो. म्हणजे विमानं उत्तरेकडून, बीचवरून खाली येतात. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा असतो, तेव्हा तीच जागा उतरणाऱ्या विमानांसाठी उपयोगाची नाही. निघण्याआधी फोनवर विमानांचा नकाशा उघडून दिशा बघून घ्या. जूनमध्ये भल्या पहाटे सुमात्राकडून वादळी सरी येतात, ढग दाटलेले दिसले तर बीच दुसऱ्या दिवसावर टाका. विजा चमकत असताना तिथे आजिबात थांबू नका.

प्रतिसाद २

आमची दोन्ही मुलं लहान असताना आम्ही असाच दिवस काढला होता. व्हीलचेअर ज्युएलच्या माहिती काउंटरवर मिळते, जरूर घ्या. गुडघा थोडा बरा वाटत असला तरी घ्या, कारण तिथली अंतरं दिसतात त्यापेक्षा बरीच जास्त आहेत. टर्मिनल एक, दोन आणि तीनमध्ये स्कायट्रेन फुकट आहे. चार नंबर मात्र तिच्यावर नाही, तिथे बसने जावं लागतं.

फुलपाखरांची बाग मुलांना कबूल करू नका. ती तीन नंबरमध्ये इमिग्रेशनच्या पलीकडे आहे, फक्त प्रवाशांसाठी. परतीच्या दिवशी दाखवा, त्या दिवशी दोन तास लवकर आत जा.

कॅनोपी पार्कचं तिकीट मी तरी काढलं नसतं. धबधबा खालून फुकटच दिसतो आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला तेवढा पुरतो. डायनासोर पण फुकट आहेत, साधारण एक किलोमीटरचा रस्ता आहे, ऊन उतरल्यावरच न्या.

डबा घरून न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. फक्त एमआरटीत उघडू नका, गाडीत खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. मुलांना आधीच बजावून ठेवा, पाण्याच्या घोटालाही हाच नियम आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! वाऱ्याचं आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "बरोबर आहे, समोरून वारा घेतला की वेग कमी लागतो." ते पुतण्याला आता रोज संध्याकाळी हेच शिकवताहेत.

आता क्रम बदललाय: सकाळी आभाळ बघून टॅक्सीने चांगी बीच, तिथून तीन नंबरची गॅलरी, दुपारच्या उन्हात कायनेटिक रेन आणि ज्युएल, संध्याकाळी डायनासोर. दुपारी धाकटीला तासभर झोपवावं लागेल. ज्युएलमध्ये किंवा टर्मिनलमध्ये, सर्वांसाठी खुल्या भागात, कमी गजबजाट असलेली बसायची जागा कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. आप्पांनाही तेवढ्या वेळात पाय लांब करता आले पाहिजेत.