सोसायटी ग्रुप: बचत खात्यावर व्याज अडीचच टक्के?

साने काकू (बी-२०३): आज पासबुक भरून आणलं. सव्वातीन लाख पडून आहेत आणि तीन महिन्यांचं व्याज २,०३१ रुपये! ह्यांच्या फंडाचे पैसे आहेत. जास्त व्याज कुठे मिळतं, सांगेल का कुणी?

राणे (ए-४०१): काकू, स्टेट बँकेतही जून २०२५ पासून अडीचच आहे. आधी २.७० होतं.

केतन (सी-१०२): स्मॉल फायनान्स बँकेत सात टक्क्यांपर्यंत देतात काकू. भावाला पाठवतो, घरी येऊन खातं उघडून देईल.

राणे: भाऊ तिथेच नोकरीला आहे, तेही सांग ना.

केतन: लपवलंय का मी? जिन्यात बोर्ड लावू?

नाईक काका (ए-१०१): बँक बुडाली तर एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विमा. मुद्दल आणि व्याज धरून.

मीनल (सी-३०४): केतन, सात टक्के पहिल्या रुपयापासून नसतात रे, टप्पे असतात. समज, लाखापर्यंत तीन आणि त्यावरच्या रकमेला सात. काकूंना लाखावर ३,००० आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५,७५०. वर्षाचे १८,७५०, म्हणजे पावणेसहाच्या आसपास. टप्प्यांचा तक्ता मागितल्याशिवाय सही करू नका काकू.

केतन: तरी आत्ताच्या दुपटीहून जास्तच झालं!

मीनल: झालं. नाही कोण म्हणतंय?

पाटील (बी-५०२): व्याजाचं चालू द्या, पण माझ्या जागेवर पांढरी स्कूटर कोणाची? सकाळपासून विचारतोय.

राणे: तिला पण सात टक्के भाडं लावा 😄

पाटील: तुमच्या जागेवर लागली असती तर हसला असता का?

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय रविवारच्या सभेत. कृपया.

नाईक काका: एका बँकेत ५ लाखांपर्यंतच विमा. सगळ्या शाखा मिळून. बचत, एफडी एकत्र.

राणे: वाचलं काका.

नाईक काका: वाचलंत तर उत्तम. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. विमा तेव्हा १ लाखाचा होता, ५ लाख झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. म्हणून लिहितो, आणि पुन्हा लिहीन.

साने काकू: अहो, मला आता भीतीच वाटायला लागली. ठेवू तरी कुठे?

मीनल: घाबरू नका. स्मॉल फायनान्स बँकेलाही रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, विमाही तोच, आणि तुमची रक्कम मर्यादेत आहे. पण बचत खात्यात अडीनडीपुरतेच ठेवावेत. बाकीचे आहे त्याच बँकेत स्वीपला लावा. ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप एफडीत जातात, लागले तर तेवढाच भाग मोडतो. नवीन खातं घेतलंच तर किमान शिल्लक किती आणि शाखा चालत जाण्याइतकी जवळ आहे का, ते आधी विचारा.

जोशी (बी-१०४): ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंतच्या व्याजावर करात वजावट आहे, पण जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत नाही.

केतन: म्हणजे मी सांगितलं ते चूक? मदत करायला जावं तर इथे सगळ्यांना कमिशनच दिसतं.

साने काकू: रागावू नकोस रे बाळा. सिलिंडर लावून द्यायला तूच येतोस ना! तो टप्प्यांचा तक्ता तेवढा भावाकडून मागव.

केतन: संध्याकाळी आणून देतो.

मीनल: काकू, सोमवारी अकराला खाली थांबा, मी येते बरोबर. पासबुक, आधार, पॅन घ्या. स्वीपचा अर्ज तिथेच भरू.

नाईक काका: नॉमिनीचं नाव लागलंय का तेही बघून या. आणि एका बँकेत ५ लाखांपर्यंतच.

पाटील: स्कूटर अजून तिथेच आहे.